सतरा नंबरचा बिल्ला आणि बेचाळीस वाघिणी

कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या आमच्या घरापासून मी गेल्या आठवड्यात जिथं जाऊन आले, ते ठिकाण तासाभराच्या वाटेवर आहे. तिकीट दहा रुपये. आमचे हे तिथल्या मालधक्क्यावर एकतीस वर्षं हमाल होते, आणि मी तो धक्का एकदाही बघितला नव्हता. बघायचं काय, पोती उतरवतात, असं हे म्हणायचे. मीही कधी हट्ट केला नाही.

त्यांचं काम मला माहीत होतं ते कपड्यांवरून. सिमेंटचे कपडे आधी कोरडे झटकायचे आणि मगच भिजवायचे, हे मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकले. तोवर आमची मोरी सिमेंटनं घट्ट बसली होती आणि गवंडी बोलावून फोडावी लागली होती.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. पुढचं सगळं वाचन वाण्याच्या पुड्यांवर आणि मग पेठेतल्या वाचनालयात झालं. ह्यांना वाचता येत नव्हतं. पूर्वी वाघिणीला, म्हणजे मालगाडीच्या डब्याला, कुठून आली त्याची चिठ्ठी अडकवलेली असायची. ती हे माझ्यासाठी खिशात घालून आणायचे. मी मुलीच्या शाळेच्या नकाशाच्या पुस्तकात ते गाव शोधायची. सापडलं की हे विचारायचे, "किती लांब हाय?" मी कोल्हापूरपासून बोटं आडवी ठेवत मोजायची आणि सांगायची, "अडीच बोटं." माझा बहुतेक प्रवास असा बोटांवरच झालेला आहे. म्हणून हे लिहिताना थोडा संकोच वाटतो. या प्रवासाच्या पानावर लोक हिमालयात जाऊन आल्याचं लिहितात.

हे जाऊन दोन वर्षं झाली. संध्याकाळी चहा पिऊन आडवे झाले, ते उठले नाहीत. त्यांचा पितळी बिल्ला, सतरा नंबरचा, मी दाराजवळच्या खिळ्यावर तसाच ठेवला होता.

धक्क्यावरच्या हमालांच्या टोळीचा एक रिवाज आहे. माणूस गेला की घरच्या माणसानं धक्क्यावर येऊन स्वतःच्या हातानं बिल्ला परत द्यायचा. तोवर ती जागा कायमची कुणाला मिळत नाही. टोळीचे मुकादम दस्तगीर भावजी यांचा मला तीनदा फोन आला होता. पहिल्यांदा मी म्हटलं, वर्षश्राद्ध होऊ दे. दुसऱ्यांदा म्हटलं, दिवाळी होऊ दे. तिसऱ्यांदा गुडघा पुढं केला. चौथ्यांदा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, माझं काय न्हाय. पण बसाप्पा दोन वर्षं बदलीवर हाय. गाडी लहान आली की पहिला त्यालाच घरी धाडाय लागतंय. त्यो काय बोलत न्हाय, म्हणून मी बोलतोय."

मी बिल्ला पिशवीत घातला. देणार आहे असं मात्र स्वतःलाही सांगितलं नाही. बघून येऊ, एवढंच.

सकाळची मिरज पॅसेंजर कोल्हापूर स्टेशनवर आधीच येऊन उभी असते. वीस मिनिटं आधी गेलात तर उजव्या हाताची खिडकी मिळते. डबा घरून न्यावा. मी भाकरी, खर्डा आणि दही नेलं होतं. शेजारी कुरुंदवाडची एक बाई टोपलीभर वांगी पायाशी घेऊन बसली होती.

"कुठं निघालासा?"

"सिमेंटची मालगाडी बघायला."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "सिमेंट बघायला? घरात भिंती न्हाईत व्हय?"

मी सांगितलं, मालक तिथं कामाला होते. तिनं टोपलीतली चार वांगी काढून माझ्या पिशवीत टाकली, "भरून करा," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

गूळ मार्केट, वळिवडे, मग पंचगंगेचा पूल. थंडीतलं पाणी खाली सरकत होतं, काठावर उसाचे फड निम्मे तोडलेले होते. रुकडीच्या पुढं कारखान्याचा धूर आणि मळीचा वास खिडकीतून आत आला. हाच रस्ता हे रोज बघत होते. मला मात्र प्रत्येक गोष्ट नवीन होती. मी ज्या स्टेशनवर उतरले त्याचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांनीच तसं सांगितलं आहे. स्टेशन लहान आहे. एक पिंपळ, एक नळ, चहाची एक टपरी. चहा दहा रुपये, आलं भरपूर.

टपरीच्या मागं मालधक्का. रुळाच्या उंचीला धरून बांधलेला लांबच लांब ओटा, वर पत्रा, आणि पलीकडं पाठमोरे लावलेले ट्रक. सगळं राखाडी. झाडं राखाडी, कुत्रं राखाडी. दस्तगीर भावजी पुढं आले. दाढी पांढरी म्हणावी की सिमेंटची, कळत नव्हतं.

"आलासा व्हय वहिनी. गुडघा बरा हाय न्हवं?"

मी मान खाली घातली. टोळीतला तानाजी, हे ज्याच्या गमती घरी सांगायचे तोच, त्यानं माझ्यासाठी पत्र्याची खुर्ची आणली आणि लांब नेऊन ठेवली. "हितंच बसा वहिनी. जवळ याला तर अंगावर थर बसंल, आनि संध्याकाळी आमी तुमास्नी भिंत समजून पाणी मारत बसू."

गाडी नऊच्या सुमारास आली. लांबून नुसता एक ठिपका, मग इंजिनाचा भोंगा, आणि मग संपतच नाही असं काहीतरी. मी वाघिणी मोजत होते. बेचाळीस. आमच्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि पुन्हा परत, एवढी लांबी. एवढा पसारा धक्क्याला लागताना एकदाही हिसका बसला नाही. चालकानं ती गाडी पाळण्यासारखी थांबवली. धक्का लहान असल्यामुळं निम्मी गाडी तोडून बाजूच्या रुळावर ठेवतात आणि निम्मी आधी रिकामी करतात. हे सगळं हिरव्या झेंड्याच्या आणि शिट्टीच्या खुणेवर चालतं. माझ्या कानाला तर ती खूणही कळत नव्हती, वाघिणी मात्र बरोबर जागेवर जाऊन उभ्या राहत होत्या.

कामाआधी सगळ्यांनी हातापायाला खोबरेल चोळलं. घाम आणि सिमेंट एकत्र आले की कातडी भाजते. तेलाचा खर्च इतका कसा, म्हणून मी कितीदा ह्यांच्यावर चिडले असेन.

मग हजेरी. धक्क्यावर अशा बऱ्याच टोळ्या आहेत, या टोळीचे नंबर अकरापासून बावीसपर्यंत. भावजी मोठ्यानं नंबर पुकारतात आणि ज्याचा तो "हाय" म्हणतो.

"पंधरा."

"हाय."

"सोळा."

"हाय."

"सतरा."

"हाय!" सगळी टोळी एकदम ओरडली. बाराही माणसं. त्यात एक काळासावळा, चाळिशीचा माणूस कडेला उभा होता, तोही ओरडला. त्याच्या दंडावर बिल्ला नव्हता.

मी तानाजीकडं बघितलं. तो हळूच म्हणाला, "जागा सोडंस्तवर मानूस हजर धरायचा, वहिनी. आमचं असंच असतंय."

दोन वर्षं. जेव्हा जेव्हा गाडी लागली, तेव्हा तेव्हा. मी पिशवी मांडीवर घट्ट धरली. हा आवाज बंद करायला मी आले होते, आणि आता मला तो बंद व्हायला नको होता.

वाघिणीचं दार पहारीनं उघडलं. आत दोघं उभे राहतात. ते पोतं दोन्ही बाजूंनी उचलून येणाऱ्याच्या पाठीवर देतात. बाकीचे फळीवरून ट्रकमध्ये जातात, टाकतात, दुसऱ्या फळीवरून परत येतात. कुणी थांबत नाही. थांबलं की मागचा आदळतो. पन्नास किलोचं पोतं चालत्या माणसाच्या पाठीवर असं पडायला हवं की त्याची चाल बदलता कामा नये. शेवटची बारा वर्षं ह्यांचं काम हेच होतं, आत उभं राहून देण्याचं.

आता तिथं तोच बिल्ला नसलेला माणूस, बसाप्पा, उभा होता.

खरं सांगते, तो कमी पडावा असं मला वाटत होतं. एखादं पोतं तिरकं जावं, कुणाची शिवी ऐकू यावी. मी तासभर डोळे लावून बसले. पोतं उचलताना तो गुडघ्यात जरासा वाकायचा, येणाऱ्याच्या उंचीकडं एक नजर टाकायचा, आणि पोतं शालीसारखं पाठीवर बसायचं. तानाजी बुटका, त्याच्यासाठी हात खाली. अठरा नंबरवाला उंच, त्याच्यासाठी वर. एकदाही चुकला नाही. माझ्या मनातला विरोध असा पोत्यापोत्यानं उतरत गेला. एक वाघीण बघता बघता रिकामी झाली. शेवटी झाडूनं तळ झाडला, तेव्हा आतल्या पत्र्यावर ऊन पडलेलं दिसलं. मी आयुष्यात इतकं सुंदर काम फार थोडं बघितलं आहे.

मधल्या विसाव्यात भावजींनी गुळाची ढेप फोडली. घशातली धूळ उतरायला गूळ खातात. मलाही खडा मिळाला. मी उठून वाघिणीजवळ गेले आणि पुढच्या दारातल्या पोत्यावर हात ठेवला. पोतं कोमट होतं.

"भट्टीची ऊब ऱ्हातीय आत," बसाप्पा म्हणाला. "थंडीत बरं वाटतंय, अक्का." त्याच्या मराठीत कानडी होती. निपाणीच्या पलीकडचं त्याचं गाव.

थंडीत ह्यांची पाठ कधी गार लागायची नाही. मला वाटायचं, अंगच तसं आहे.

मी म्हटलं, "बसाप्पा, तुम्ही मागितला का नाही बिल्ला?"

त्यानं गुळाचे हात पँटला पुसले. "ते मागायचं न्हाय, अक्का. द्यायचं असतंय. घाई न्हाय, मी येतोयच की." मग म्हणाला, "पर एक हाय. रोज त्यांच्या नावानं हाय म्हनतोय. मी त्यांस्नी बघितलंच न्हाय. कसे होते?"

दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. सगळे ओळखणारेच भेटले. मी काय सांगावं याचा विचार केला आणि म्हटलं, "जेवताना भाकरीचा पहिला तुकडा मला द्यायचे. म्हणायचे, आधी देणाऱ्यानं खायचं."

तानाजी म्हणाला, "खोटं बोलत होता. हितं पयला तुकडा सोता खायचा. माजा बी."

सगळे हसले. मीही हसले, आणि हसतानाच पिशवीत हात घातला. बिल्ला मी आदल्या दिवशी चिंचेनं घासला होता. का घासला, ते तेव्हा कबूल केलं नव्हतं. रिकाम्या वाघिणीच्या दारात बसाप्पा उभा राहिला आणि मी तो त्याच्या दंडाला बांधला. दोरी त्याला आखूड पडली. भावजींनी आपल्या खिशातली सुतळी जोडली.

दुपारी डब्याची भाकरी टोळीत वाटली गेली. दोन वाजता उरलेली निम्मी गाडी धक्क्याला लागली आणि पुन्हा हजेरी झाली.

"सोळा."

"हाय."

"सतरा."

"हाय!" सगळेच्या सगळे, सवयीनं, पत्रा दणाणून. मग सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तानाजीनं जीभ चावली.

दस्तगीर भावजी खवळले. "अरं, किती जनं हायसा सतरा? मानूस मिळाला न्हवं आता? एकानंच बोलायचं!" त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. घसा साफ केला आणि पुन्हा पुकारलं.

"सतरा."

"हाय," बसाप्पा म्हणाला.

"अठरा."

काम सुरू झालं. मी परतीच्या गाडीपर्यंत बसून राहिले.

कुणाला जायचं असेल तर स्टेशनचं नाव मला विचारा, तोंडी सांगेन; पण दोन गोष्टी पाळा. धक्क्यावर परवानगीशिवाय जाऊ नका आणि रूळ ओलांडू नका. पण टपरीच्या बाकावरून गाडी लागताना आणि माणसं चालताना दिसतात, त्याला कुणाची हरकत नाही. तोंडाला बांधायला पंचा न्या. गाडी कधी येईल याची वेळ ठरलेली नसते, टपरीवाल्याला विचारायचं. आणि नवं घर बांधणाऱ्यांनी तर एकदा जाऊन याच. आपल्या भिंतीतलं प्रत्येक पोतं कुणाच्या तरी पाठीवरून आलेलं आहे.

संध्याकाळी घरी पोचले. साडी कोरडी झटकली, मगच भिजवली. वांगी भरून केली. दाराजवळचा खिळा रिकामा दिसत होता, त्यावर काही अडकवावं असं वाटलं नाही. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, खिळा काढून टाक, साडीला लागेल. बघू.

हल्ली वाघिणीला चिठ्ठी नसते, खडूनं लिहिलेलं असतं. शेवटच्या वाघिणीवरचं गाव मी वहीत उतरवून आणलं होतं. नकाशाचं पुस्तक काढलं. कर्नाटकातून पुढं, तेलंगणाच्या हद्दीपाशी, बारीक अक्षरात ते सापडलं. नाव मोठ्यानं वाचलं. मग कोल्हापूरवर बोट ठेवलं, त्याच्या शेजारी दुसरं, आणि सवयीप्रमाणं उत्तरही दिलं.

"तीन बोटं. जरा कमीच."