आजोबांची तांबडी कुत्री

ती आमच्या घरात कधी आली नव्हती, पण त्या वर्षांतली कुठलीही दुपार आठवायला घेतली की आधी तीच येऊन बसते. बोरिवलीला पूर्वेकडे, जंगलाच्या बाजूला, आमची चार मजली सोसायटी होती. जेवणं झाली की सगळी इमारत झोपायची. डोंगरावरून वारा यायचा, दोरीवरच्या साड्या हळूहळू फुगायच्या, आणि खाली जिन्याच्या पहिल्या पायरीवर आजोबा आणि ती तांबडी कुत्री बसलेली असायची. दोघांचेही डोळे अर्धे मिटलेले. कोण कोणाची राखण करतंय ते वरून बघताना कळायचं नाही.

आजोबांनी जन्मभर गिरणीत कापड विणायचे साचे चालवले. संपात गिरणी गेली आणि ते परळच्या खोलीतून आमच्याकडे राहायला आले. आमच्याकडे सोफा होता, पाहुण्यांसाठी वेगळे कप होते आणि कोणी मोठ्याने बोलत नसे. त्यांना त्या घरात हात कुठे ठेवावेत तेच समजेना. साच्यांच्या आवाजाने कान अधू झालेले, त्यामुळे शेजाऱ्यांशी गप्पा जमेनात. कुत्रीशी मात्र जमल्या. एका पावसाळ्यात तिचा मागचा पाय स्कूटरखाली आला होता. आजोबांनी तिला जिन्याखाली पोत्यावर ठेवलं, हळद-तेल लावलं, आपल्या जुन्या धोतराची पट्टी बांधली. ती उठून चालायला लागली ती त्यांच्या मागेच. तेव्हापासून स्वतःच्या ताटातली अर्धी भाकरी ते तिच्यासाठी खाली न्यायचे.

बाबा सोसायटीचे सेक्रेटरी होते. हे पद त्यांनी इतकं मनावर घेतलं होतं की देशाचा कारभारही कोणी तेवढ्या गांभीर्याने करत नसेल. जिन्यात सायकल लावू नये, गॅलरीतून पाणी सांडू नये, भटक्या कुत्र्यांना खायला घालू नये. शेवटचा नियम कोण मोडतं ते सगळ्या इमारतीला ठाऊक होतं. वडिलांना बोलावं तर बोलवत नाही, न बोलावं तर मीटिंगमध्ये लोक टोमणे मारतात, म्हणजे धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं अशी त्यांची गत झालेली. मग आजोबा आजारी पडून हॉस्पिटलात गेले आणि बाबांना मोकळीक मिळाली. कुत्रे पकडणारी गाडी बोलावून घ्या, असं सगळे केव्हाचे म्हणत होतेच. बाबांनी महापालिकेकडे तसा अर्ज करून टाकला. हे आईला माहीत होतं, मला माहीत होतं. आजोबांना नव्हतं, आणि ते हॉस्पिटलातून परत आलेच नाहीत.

बाबा रडले नाहीत. सगळं रीतसर करत राहिले. कुत्री पायरीवर तशीच बसून होती. कोणाचीही पावलं वाजली की उठायची, वास घ्यायची, पुन्हा बसायची. मी भाकरी टाकली तर तिने हुंगूनही पाहिली नाही.

दहाव्याला आम्ही गोराईच्या खाडीवर गेलो. मुलींनी यायचं नसतं असं काकू म्हणाली, पण आईने माझा हात सोडला नाही. ओहोटी लागली होती. तिवरांच्या मुळांवर चिखल चकाकत होता, पलीकडे होडी जात होती की थांबली होती तेही सांगता येत नव्हतं, आणि ऊन असं पांढरं की माणसांच्या कडा पुसल्यासारख्या दिसत होत्या. बाबांनी मुंडण केलेलं. पिंड ठेवले, सगळे मागे सरले. कावळे पुष्कळ होते. तिवरांवर बसून बघत होते, एकही खाली उतरत नव्हता.

गेलेल्याची काही इच्छा राहिली असली तर कावळा शिवत नाही. अशा वेळी घरच्यांनी पुढे होऊन शब्द द्यायचा असतो. बाबा हात जोडून पुढे झाले. धाकट्या बहिणीचं लग्न मी लावून देईन, म्हणाले. गावच्या घरावरची कौलं या मे महिन्यात परतीन. भावाला अंतर देणार नाही. हे ऐकून काका हलला, कावळे नाही. पाणी आणखी मागे गेलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला, म्हणाले, चालतं तसंही. बाबांची मान खाली गेली. दर्भाच्या कावळ्यावर निभावलं असं गावी कळलं असतं, तर लोकांचं बोलणं जन्मभर चुकलं नसतं.

तेव्हा आई त्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “कुत्रीचं बोला.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. काकाला काही कळेना, कुठली कुत्री असं तो विचारू लागला. बाबा पिंडांकडे बघत, जणू आजोबा तिथेच मांडी घालून बसलेत अशा आवाजात म्हणाले, “तुमच्या कुत्रीला मी घरात घेतो. आहे तोवर सांभाळतो.”

कावळा उतरला. तो शब्दासाठी उतरला की भाताला, ते मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या पांढऱ्या उजेडात तो काळा पक्षी खाली येताना मी पाहिला.

घरी आलो तर पायरी रिकामी. वॉचमनने सेक्रेटरीसाहेबांना मोठ्या आनंदाने सांगितलं, गाडी सकाळीच येऊन गेली, काम झालं. गाडीतून गेलेलं कुत्रं परत आल्याचं आमच्या भागात कोणी ऐकलं नव्हतं. काका म्हणाला, तू शब्द दिलास, तुझ्या मनात होतं, एवढं पुरे. आता पानं वाढा. बाबांनी चपला पुन्हा घातल्या. मला म्हणाले, चल, मला ती ओळखता यायची नाही.

ते खरंच होतं. तिच्याकडे त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं.

टॅक्सीत वाऱ्याने त्यांचं उपरणं माझ्या तोंडावर येत होतं आणि त्याला खाडीचा वास होता. कोंडवाड्यात लांबच लांब जाळ्या होत्या. तांबडी कुत्री कितीतरी. आमची अगदी कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी बोट दाखवलं.

तिथला माणूस वाईट नव्हता. पट्टा नाही, बिल्ला नाही, मग तुमची कशावरून, असं त्याने विचारलं. बाबांच्या मुंडणाकडे बघून तो जरा नरमला आणि म्हणाला, हाक मारा, तुमच्याकडे आली तर न्या.

बाबांनी हाक मारली. ये ये म्हणाले, चुटक्या वाजवल्या. मीही मारली. दुसरी कुत्री जाळीवर आली, ती हलली नाही. तो माणूस जायला वळला. आजोबा तिच्याशी कायम गावच्या बोलीत बोलायचे. आमच्या घरात ती बोली बंद होती. ऑफिसात हसतात म्हणून बाबांनी ती टाकली होती, मला तर शिकूच दिली नव्हती. आजोबांशीही ते पुस्तकासारखं बोलायचे, आणि आजोबांना त्यातलं अर्धं ऐकू जायचं नाही.

बाबा त्या ओल्या फरशीवर, दहाव्याच्या धोतरानिशी, खाली बसले. जाळीला हात लावला.

“म्हातारो गेलो गो बाये,” ते म्हणाले. “वाट बघू नको. तो आता येवचो नाय.”

कुत्रीने मान वळवली.

आजोबा गेल्यापासून हे वाक्य ते कोणापाशीच बोलले नव्हते, आमच्यापाशीसुद्धा नाही. ते रडायला लागले, अगदी लहान मुलासारखे, आवाज करून. ती उठली. लंगडत, इतर कुत्र्यांमधून वाट काढत जाळीपाशी आली आणि तिने त्यांच्या बोटांचा वास घेतला. बराच वेळ घेतला. मग जाळीच्या आतूनच त्यांच्या हाताला टेकून खाली बसली.

तो माणूस किल्ली घेऊन आला, पण बाबांना उठवायचं त्याच्याच्याने होईना. तो माझ्या शेजारी उभा राहिला. आम्ही दोघं थांबलो.