आमच्या बाजूने सगळं ठीक आहे

माझा राग लवकर येतो आणि लवकर जातो. पण एका वाक्यावरचा अजून गेलेला नाही: "आमच्या बाजूने सगळं ठीक आहे, मॅडम." २०१६ च्या पावसाळ्यानंतरच्या त्या महिन्यात हे वाक्य मी ईमेलवर आणि फोनवर मिळून सात-आठ वेळा तरी ऐकलं. प्रत्येक वेळी तळपायाची आग मस्तकात जायची.

डहाणू रोड स्टेशनसमोरच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर माझं दुकान होतं. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी लग्नपत्रिका केल्या. मग लोक सगळं मोबाइलवर बघायला लागले आणि मी वेबसाइट करायला शिकले. शाळा, दवाखाने, आणि चिकूच्या वाडीत पाहुण्यांसाठी खोल्या बांधलेल्या मालकांची तर रांगच लागली होती. प्रत्येकाला आपल्या पानावर हवामानाचा चौकोन हवा, किती जणांनी पाहिलं त्याचा आकडा हवा, खोली बुक करायचा फॉर्म हवा. हे चौकोन मी बनवत नसे. ते बाहेरच्या कंपन्यांचे, त्यांना विजेट म्हणतात. कंपनी दहा ओळींचा कोड देते, तो आपल्या पानात चिकटवायचा. आत काय आहे ते आपल्याला दिसतं, पण त्याला हात लावता येत नाही. घरात भाडेकरू ठेवल्यासारखंच ते. नळ त्याने फोडायचा आणि शेजाऱ्यांनी बोंब मारायची घरमालकाच्या नावाने.

समुद्राकडच्या एका वाडीवर बुकिंगचं काम एक भाऊ बघायचा. मी त्याला भाऊच म्हणायचे. तलासरीजवळच्या पाड्यावरचा, जन्मापासून दृष्टी नाही, निवासी अंधशाळेत राहून शिकलेला. फोनवर समोरचा मराठी बोलला तर मराठी, गुजराती बोलला तर गुजराती, हिंदी तर हिंदी. पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तो इतक्या वेगाने ऐकायचा की मला त्यातला एक शब्द कळायचा नाही. एका कानाला फोन, दुसऱ्या कानात इयरफोन, बोटं कीबोर्डवर. पाच वर्षांत एक नोंद चुकली नव्हती, आणि हे मी नाही, वाडीचे मालकच येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत असत.

मग शेजारच्या वाडीवाल्याने नवं बुकिंगचं विजेट घेतलं म्हणून आमच्या मालकांनीही घेतलं, आणि फोनवरच्या नोंदीही भाऊने त्यातच भरायच्या असं ठरलं. मी ते पानावर चिकटवलं, माझ्या कॉम्प्युटरवर माउसने चार ठिकाणी टिचक्या मारून बघितल्या आणि सांगून मोकळी झाले, "काका, झकास चालतंय."

पंधरा दिवसांत घोळ झाला. सुरतचं एक कुटुंब सामानसुमान घेऊन उतरलं आणि त्यांच्या खोलीत दुसरेच लोक. नोंद पुढच्या आठवड्याची झाली होती. त्या कुटुंबाचा कर्ता अंगणात उभा राहून ओरडला, "आंधळ्याला कशाला बसवलाय इथे?" चिकू निवडणाऱ्या बायकांनी ऐकलं, गड्यांनी ऐकलं, भाऊने तर ऐकलंच. मालकांनी दुसऱ्या दिवशी सुनेला कॉम्प्युटरवर बसवलं. भाऊला म्हणाले, आजपासून तू गेटवर बस, गाडी आली की घंटा वाजव. पाच वर्षांचं कौतुक एका दिवसात पुसलं गेलं!

भाऊ त्याच आठवड्यात रिक्षा करून माझ्या दुकानी आला. जिना चढून बसला आणि म्हणाला, "ताई, मी चुकलो नाय. ते पान मना काय सांगतच नाय. जिथं जातो तिथं 'एडिट, ब्लँक', 'एडिट, ब्लँक', नुसता बिननावाचा रिकामा रकाना. कुठला रकाना तारखेचा न् कुठला माणसांचा, अंदाजानं भरतो. कॅलेंडर तं उघडतच नाय."

वेबसाइटचं पान नियमांनुसार लिहिलंय की नाही हे तपासून देणारी एक सोय इंटरनेटवर फुकट आहे. तिथे आपल्या पानाचा पत्ता द्यायचा, ती चुकांची यादी देते. मी वाडीचं पान दिलं. लाल ओळी संपेनात! साठाच्या वर. फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्याला कोडमध्ये नाव बांधावं लागतं, तेव्हा ते वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला सापडतं. या दिवट्यांनी एकाही रकान्याला नाव बांधलं नव्हतं. वर सगळ्या रकान्यांना ओळख एकच दिलेली. पाच पोरं आणि पाचांचं नाव एकच, मग आई हाक मारणार कशी? डोळ्यांनी बघणाऱ्याला फॉर्म देखणा दिसत होता. न बघणाऱ्याचा विचारच कुणी केला नव्हता, आणि त्यापायी तलासरीच्या एका माणसाची खुर्ची गेली होती.

मी यादी कंपनीला पाठवली. उत्तर आलं, आमच्या बाजूने सगळं ठीक आहे, ब्राउझरचा साठा पुसून पाहा. पुसला. परत लिहिलं. परत तेच. पडद्याचे फोटो पाठवले, भाऊच्या सॉफ्टवेअरचा आवाज रेकॉर्ड करून पाठवला. पालथ्या घड्यावर पाणी. फोनवरची बाई तर गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, अशी तक्रार आजवर दुसऱ्या कुणी केली नाही." म्हणजे आंधळा माणूस एकच, आणि तो डहाणूला राहतो! मी वाडीवर जाऊन मालकांना चारचौघांत सांगितलं, सगळा दोष कंपनीचा आहे. मालक मान हलवायचे आणि खुर्चीवर सूनच बसलेली असायची.

चौथ्या आठवड्यात कंपनीतल्या कुणीतरी, बहुधा माझ्या ईमेलना कंटाळून, एकाच ओळीचं उत्तर लिहिलं: कृपया तुमच्या स्वतःच्या पानाची पहिली ओळ पाहावी. मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा! आता याला दाखवतेच. म्हणून फाइल उघडली.

पहिली ओळ होती ॥ श्री ॥.

माझ्या हातची पत्रिका माथ्यावर श्री घातल्याशिवाय कधी छापायला गेली नाही. आमच्याकडे कुणाचीच जात नाही. हाताला इतकी सवय की वेबसाइटची कोरी फाइल उघडली तरी आधी श्री, मग बाकीचं. गिऱ्हाइकंही खूश, पानाच्या माथ्यावर देवाचं नाव दिसतंय म्हणून. पण ब्राउझरला फाइलच्या अगदी पहिल्या ओळीत एक घोषणा लागते, हे पान कुठल्या नियमांनी लिहिलंय याची. तिच्या आधी दुसरं काही दिसलं की त्याला वाटतं, हे पान जुन्या काळातलं आहे, आणि तो ते जुन्या नियमांनी वाचू लागतो. वाडीवरच्या जुनाट कॉम्प्युटरवर त्यामुळेच कॅलेंडर कीबोर्डने उघडत नव्हतं. माउसने उघडत होतं, म्हणून सुनेला काही अडलं नाही आणि मलाही दिसलं नाही.

तपासणीच्या यादीत हे पहिल्या दिवसापासून सगळ्यात वर लिहिलेलं होतं. त्या वरच्या ओळी मी दर वेळी ओलांडून पुढे जात होते. परदेशी यंत्राला आपली देवनागरी कळत नसेल, असं ठरवून बसले होते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ मी साठ ओळींत मोजलं होतं. मला इतकी शरम वाटली की दुपारचा डबा तसाच परत नेला.

श्री घोषणेच्या खाली घेतला. पडद्यावर तो होता तिथेच, माथ्यावर राहिला आणि कॅलेंडर बाणाच्या बटणांनी उघडलं. रकान्यांना नावं नसणं हे मात्र कंपनीचंच पाप होतं, ते मी अजूनही त्यांच्याच पदरात घालते. त्यांच्या कोडला हात लावता येत नव्हता, म्हणून विजेट पानावर आलं की बाहेरून प्रत्येक रकान्याला नाव बांधेल असा छोटा कोड मी लिहिला. यादीतल्या त्यांच्या वाट्याच्या लाल ओळी शेवटपर्यंत तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीवर गेले. मालक ओट्यावर बसून चिकूची प्रतवारी बघत होते. भाऊ गेटजवळच्या बाकावर होता, त्याला हाक मारून बोलावलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की निम्मी चूक माझी होती, आणि ती कशी झाली तेही सांगितलं.

मालक हसायलाच लागले. "श्री लिहिल्यामुळे बुकिंग चुकलं? माझ्यापुढे बोललीस ते ठीक, बाहेर बोलू नकोस. देवाचं नाव कधी कामात आडवं येतं का? आणि तू ते खाली घेतलंस? परत वर घे."

माझा तोल गेला. ज्याने पाच वर्षं एक आकडा चुकवला नाही त्याच्यावर न केलेली चूक एका मिनिटात चिकटली, आणि मी केलेली चूक माझ्याच तोंडाने सांगतेय तर ती कुणाला घ्यायचीच नाही! मी म्हटलं, "काका, श्री जिथल्या तिथे दिसतोय, बघा जाऊन. माणूस मात्र तुम्ही जागेवरून उठवलात." मालकांच्या घरात इतक्या मोठ्याने बोलायची माझी ती पहिलीच वेळ. बायकांचे चिकूवरचे हात थांबले.

सून कॉम्प्युटरपाशी बसून ऐकत होती. ती उठली. "मला हे काम नकोच होतं, पपा," ती म्हणाली, आणि खुर्ची मागे ओढून धरली. "भाऊ, या, बसा."

भाऊ बसला. इयरफोन न लावता त्याने आवाज मोठा ठेवला, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. येण्याची तारीख. जाण्याची तारीख. माणसं किती. त्याने तीन खोट्या नोंदी करून दाखवल्या. सुनेने प्रत्येक वाचली आणि म्हणाली, बरोबर. मालक परत चिकूकडे वळले, पण नको म्हणाले नाहीत.

मला वाटलं, संपलं. भाऊने खुर्ची माझ्या आवाजाच्या दिशेने वळवली. "ताई, मंग सुरतवाल्यांची चूक आता कोनाच्या नावावर?"

"माझ्या," मी म्हटलं. "माझ्या आणि कंपनीच्या."

"मंग त्यांना सांगा."

नंबर त्याला पाठ होता. त्याने लावला, स्पीकर सुरू केला. मी मोडक्या गुजरातीत सगळं सांगितलं, चूक भाऊची नव्हती, माझ्या पानाची होती. पलीकडचा माणूस मनमोकळं हसला. "अरे बेन, ए तो अमे क्यारना भूली गया!" आम्ही केव्हाच विसरलो, आणि बरं झालं फोन केलात, नाताळात दोन खोल्या मिळतील का?

मी भाऊकडे बघत राहिले. ज्या शब्दांनी या माणसाची खुर्ची गेली होती ते बोलणाऱ्याच्या लक्षातही नव्हते. भाऊने फोन स्वतःकडे ओढून घेतला. शांतपणे तारखा विचारल्या, माणसं विचारली, एकेक रकाना भरला आणि सगळं एकदा वाचून दाखवलं. मग फोन ठेवायच्या आधी, सुरतच्या कुणाही माणसाइतक्या सफाईच्या गुजरातीत, त्याने सांगितलं की नोंद झाली आहे, साहेब, आणि ती आंधळ्यानेच केली आहे.