मामांच्या थैलीची थैली

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, लघवीची नळी बसवली तेव्हा मला सगळ्यात जास्त राग आला तो त्या प्लास्टिकच्या थैलीचा. इतकं सगळं शोधून काढलं माणसानं, आणि माणसाची लघवी मात्र आरपार दिसणाऱ्या थैलीत भरून हातात धरून फिरायची! अहो, दुकानदार पावशेर पेढे देतो तेसुद्धा खोक्यात घालून देतो.

साखर वाढलेली, काळीज अशक्त, त्यामुळे प्रोस्टेटचं ऑपरेशन काही महिन्यांनी बघू, तोवर नळी राहू द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. मामा हट्ट्याला, आमच्या गावी, घरी आले ते खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. हा माणूस म्हणजे बैलांचा जाणकार. कुणाला वसमतच्या बजारात बैल घ्यायचा असला की आधी मामांना गाडीवर बसवून न्यायचे. मामा एका हातानं बैलाचं नाक धरायचे, दुसऱ्या हातानं खालचा ओठ ओढायचे, आणि दात बघून वय सांगायचे. विकणारा थापा मारत असला तर तिथंच गार पडायचा. आता लोक बोलवायला आले की मामा आतूनच म्हणायचे, "तब्येत बराबर न्हाई." मी चहा घेऊन गेले की चादर ओढून घ्यायचे. थैली रिकामी करायची ती सासूबाईंनीच, दार लावून. भाकरी अर्धी टाकायला लागले. नळीनं काही होणार नव्हतं, पण शरमेनं हा माणूस खाटेवरच संपेल, याची मला खरंच भीती वाटत होती.

एक दिवस ते सासूबाईंना म्हणताना मी ऐकलं, "बैलाचे दात पाहायला दोन हात लागतात. एका हातात मूत धरून काय पाहू?"

झालं, माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. दोन्ही हात मोकळे राहिले तर?

क्रोशाची सुई मला माहेरी आईनं धरायला शिकवली. टीव्हीवरचा रुमाल, दाराचं तोरण, असली बिनकामाची कामं मी पुष्कळ केलेली. मोबाईलवर शोधलं. पर्स सापडल्या, मोबाईलची पिशवी सापडली, पाण्याच्या बाटलीची सापडली. लघवीच्या थैलीची थैली काही कुणी विणलेली दिसेना. नवरा म्हणाला, "आता बैलाला स्वेटर इण, तेवढंच राहिलंय." म्हटलं, तुमी गप बसा.

मी एक कोरी थैली मेडिकलमधून आणली आणि उलटसुलट करून पाहिली. जसजशी पाहायला लागले तशी मजा वाटायला लागली. थैली कमरेच्या वर जाऊन चालत नाही, लघवी उलटी फिरते. म्हणजे खांद्याला अडकवायची नाही, मांडीला बांधायची. तिला खाली तोटी, ती हाताला लागली पाहिजे. नळी वरून येते, तिला वाट पाहिजे. वजन सगळं पट्ट्यावर आलं पाहिजे, नळीला जरासुद्धा ओढ बसता कामा नये. राहता राहिलं माप. सून सासऱ्याच्या मांडीला टेप लावणार? राम राम! शेवटी सासूबाईंनीच परकराचा जुना नाडा घेऊन माप घेतलं आणि त्याला गाठी मारून आणल्या. "ही कंबर, ही नळीची जागा, हा गुडघा," म्हणाल्या. तो गाठींचा नाडा हाच माझा नमुना.

पहिली थैली मी लोकरीची केली. निळी, वर पांढरं फूल. खांबाचे टाके, भराभर वाढणारे, दोन दिवसांत संपली. सासूबाईंनी हातात घेतली आणि म्हणाल्या, "जी कुणाला दिसू न्हाई, तिच्यावर फूल काहून?" माझं तोंड एवढंसं झालं. पण खरी फजिती पुढंच होती. कोऱ्या थैलीत लिटरभर पाणी भरलं, ती विणलेल्या थैलीत घातली आणि खिळ्याला टांगली. भिंतीवर खडूनं खूण केली. चहा उकळून येईपर्यंत थैली खुणेच्या चार बोटं खाली! पुन्हा खूण केली. दुपारपर्यंत वीतभर. मामांच्या घोट्यापर्यंत गेली असती. मला रडायला यायला पाहिजे होतं, पण मी खुणा मोजत बसले, किती वेळात किती उतरते ते. मग सगळी उसवली, फुलासकट.

वसमतला दोऱ्याच्या दुकानात चाचांना विचारलं, न ताणणारा दोरा कोणता. ते पिढ्यान्‌पिढ्या दोराच विकतात. "क्या बना रहे, बाई?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थैली, वजनाची. त्यांनी वळलेला जाड सुती दोरा काढला, एक टोक माझ्या हातात दिलं, एक स्वतः धरलं, आणि म्हणाले, "खींचो." दुकानात आमची रस्सीखेच. दोरा काही हलला नाही. मातकट रंगाचा घेतला, सदऱ्याखाली ओरडू नये म्हणून.

या वेळी मुके खांब घातले, म्हणजे आखूड टाके, घट्ट, एकाला एक चिकटून. बोटं दुखून आली. तळाला तोटीपुरती फट ठेवली, वरच्या बाजूला डावीकडे नळीला भोक, कमरेला रुंद पट्टा, मांडीला बंद. खिळ्याची परीक्षा पास झाली. मग पाणी भरून मी स्वतःच साडीखाली बांधली आणि शेजारणीकडे विरजण आणायला गेले. ती म्हणाली, "अगं, तुझ्यात काय डुचमळून राहिलं?" मी म्हटलं, "पोट." घरी येऊन आत फडक्याचं अस्तर लावलं, मग आवाज बसला.

मामांना द्यायची कशी? मी दिलीच नाही. खाटेजवळच्या खुंटीला लावली आणि सासूबाईंशी मोठ्यानं बोलले, "दोन्ही हात मोकळे राहतात म्हणं." दोन दिवस ती खुंटीलाच. तिसऱ्या दिवशी सकाळी गावातला एकजण आला, बैल घ्यायचा होता. आतून नेहमीचं उत्तर येईना. जरा वेळानं मामा बाहेर आले, धोतर, लांब सदरा, टोपी. हातात काही नाही.

मला राहवलं नाही. भाजीचं निमित्त काढून मी त्यांच्याच ऑटोत बसले. बजारात मी बांगड्यांच्या हातगाडीमागे उभी राहिले आणि बैलांकडे बघत राहिले. एक लाल कंधारी बैल होता, देखणा. विकणारा म्हणत होता, चार दाती हाय, तरणा. मामा पुढं झाले. तेवढ्यात बैलानं मान खाली घातली, मामांच्या सदऱ्यापाशी हुंगलं, मान वर केली आणि वरचा ओठ मुडपला. गाईचं मूत हुंगल्यावर बैल करतात ना, तसा. लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "आबा, सदऱ्याखाली काय हो? पेंड आणली का?" आणि सदऱ्याला हातच घातला.

वाटलं, संपलं. आता हा माणूस पुन्हा उंबरा ओलांडणार नाही, आणि याला कारण मी.

मामांनी स्वतःच सदरा वर केला.

"मूत हाय माझं," ते म्हणाले. "नळी बसवलीय. बैलाला कळलं, तुमाला न्हाई कळलं. ही थैली आमच्या सूनबाईनं इणली."

हात घालणाऱ्यानं हात असा काढला, जसा विस्तवच लागला. एकजण फिस्कन हसला, मग सगळे, मग मामा. हसता हसताच त्यांनी दोन्ही हातांनी बैलाचं तोंड धरलं, ओठ ओढला आणि विकणाऱ्याला म्हणाले, "चार दाती म्हणं! सहा हायेत लेका, मोज."

परतताना ऑटोत मी समोर बसले होते, पदर सावरून, खाली बघत. दोन महिन्यांत मामा माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते.

"सूनबाई," ते म्हणाले, "नळीचं भोक उजव्या अंगाला घेता येईल का? बैल डावीकडून लई हुंगतात."

माझे डोळे भरून आले. म्हटलं, "येईल की. घरी गेल्यागेल्या उसवते."

"ही उसवू नको," मामा म्हणाले. "दुसरी इण. परवा साखरा गावी बैल पाहायला बोलावलंय, मला ही लागंल."