बारा मुलींची बातमी

या माणसाचा मला भयंकर राग येतो. तरुणपणी बास्केटबॉल खेळलेले, आता सकाळी सदाशिव पेठेत मुलींना तोच खेळ शिकवणारे आणि संध्याकाळी आमच्या दैनिकाला खेळाच्या बातम्या आणून देणारे हे सर माझ्या टेबलाशी कधी बसत नाहीत. उभ्यानंच, टाचा उचलत भांडतात.

गेल्या आठवड्यात त्यांच्या मुली स्पर्धा जिंकल्या. पानावर जागा कमी होती, म्हणून मी नेहमीसारखी बातमी खालून कापली. बाराही मुलींची नावं गेली, बक्षीस देणारे मान्यवर राहिले.

दुसऱ्या दिवशी सरांनी अंक माझ्यापुढे आपटला.

"अहो, यातल्या नगरसेवकांनी किती बास्केट टाकल्या?"

"जागा नव्हती, सर."

"मग सकाळी सहाला मैदानावर या आणि मुलींना तुम्हीच सांगा."

मी गेलो नाही. उलट वर तोंड करून सुनावलं, "पान मी लावतो, तुम्ही नाही."

काल त्यांनी नवी बातमी आणली. पहिल्याच वाक्यात बारा नावं, मग खेळ, मान्यवर अगदी तळाला.

"जागा आजही कमीच आहे," मी चिडून म्हणालो.

"मग कापा की. नेहमीसारखी, खालून," असं म्हणून सर पहिल्यांदाच खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.