डिंपनाचा हात कोण धरणार?

डिंपना मॅकार्व्हिलच्या गाण्यात आपलं नाव यावं म्हणून आयर्लंडच्या सरहद्दीवरच्या आमच्या ड्रमगारा गावात एके काळी लोक जीव टाकायचे. दिवसभर कोंबड्यांच्या कारखान्यात पिसं काढायची आणि सायकलवरून घरी येताना गाणी रचायची, हा तिचा उद्योग. पोस्टमनला चावणाऱ्या हंसावर तिचं पहिलं गाणं. मग माझ्या नवऱ्यावर एक, तो आमच्या पबमध्ये बिअर ओतताना ग्लासात अंगठा कसा बुडवतो त्यावर. ते डब्लिनच्या रेडिओवर लागलं, तर हा गाढव लाजायचं सोडून महिनाभर मिशीला पीळ देत फिरला! तिच्या रेकॉर्ड निघाल्या, बॉस्टनचं बोलावणं आलं. तिकडे जाऊन बाई परत आली ती थेट कारखान्यात. मला म्हणाली, "टाळ्या भरपूर गं बर्नी, पण ज्याच्यावर रचलं तो समोर बसून चिडत नाही. मग गंमत काय?"

मग गावातला काहल ट्रेनर नाहीसा झाला. सरहद्दीपलीकडच्या ब्रिटिश शिपायांशी तो बोलतो, अशी कोणीतरी चुगली केली आणि त्याला भरदिवसा घरासमोरून 'पोरांनी' उचललं. ब्रिटिशांविरुद्ध लपूनछपून बंदुका चालवणाऱ्यांना आम्ही पोरंच म्हणतो. त्यांची नातवंडं शाळेत जायला लागली तरी ती पोरंच. गाडी फेलिम कॉइलची होती, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण? रस्त्यात फेलिम भेटला की आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारायचो आणि घरी येऊन दाराला कडी घालायचो.

त्यानंतर लोक डिंपनाला बघून वाट बदलायला लागले. तिने काहलवर गाणं रचलंय, अशी कुजबुज होती. ऐकलं मात्र कोणीच नव्हतं.

"बाई गं, झाकली मूठ सव्वा लाखाची," मी तिला बजावलं.

"मी कुठे उघडतेय? मरायची हौस आहे का मला? बाहेर गाडी थांबली तरी मी पलंगाखाली शिरते, बर्नी. परवा पाववाला आला होता, तेव्हासुद्धा."

मी हसले, पण उठून दार लावून घेतलं.

एका रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून सगळे आमच्या पबमध्ये जमले होते. गाणी चालली होती. फेलिम नेहमीसारखा शेकोटीजवळ. तेवढ्यात दार उघडून रोझ ट्रेनर आत आली. काहलची आई. ती आयुष्यात पबची पायरी चढली नव्हती, आणि चर्चमध्येही तिचे ओठ हलताना कोणी पाहिले नव्हते. मधोमध उभी राहिली आणि फुटक्या आवाजात तिने एक अंगाई म्हटली.

आमच्याकडे रीत आहे. गाणं संपवणाऱ्याने पुढच्याचं नाव घ्यायचं, आणि नाव घेतलं की नाही म्हणायची सोय नाही. रोझ का गायली, ते मला तेव्हा कळलं.

"आता डिंपना," ती म्हणाली. "माझ्या काहलचं म्हण."

"रोझ, अगं माझा घसा..."

"घसा मलाही नव्हता."

डिंपना उठली. चेहरा पिठासारखा पांढरा. ती डोळे मिटणार, इतक्यात फेलिम उठून तिच्याजवळ आला आणि त्याने तिचा हात हातात घेतला. ही आमची जुनी पद्धत. वाद्याविना गाणाऱ्याचा हात कोणीतरी धरायचा आणि चालीबरोबर हळूहळू फिरवत राहायचा. गाणाऱ्याला धीर येतो.

"गा पोरी," फेलिम म्हणाला. "धरलाय मी."

ती गायली. तो हात फिरवत राहिला. मी काउंटरला धरून उभी. गाण्यात नाव कोणाचंच नव्हतं. एक आई रोज ताट वाढते, कुत्रं वाटेवर जाऊन बसतं, एवढंच. आमच्याकडे गाण्याची शेवटची ओळ गात नाहीत, साधी बोलतात. डिंपना ती बोलली: "कुठल्या मातीत ठेवलात, तेवढं सांगा."

फेलिमचा हात थांबला होता. तो वाकला, तिच्या कानात काहीतरी बोलला, टोपी घालून निघून गेला.

संपली बाई, मी मनात म्हटलं. पण डिंपना सरळ रोझकडे गेली आणि तिच्या कानाशी वाकली. रोझने टेबलावर डोकं टेकलं आणि जो हंबरडा फोडला, तो सगळ्यांनी ऐकला.

डोंगरापलीकडच्या दलदलीत काहल सापडला. त्याला बापाशेजारी पुरलं. भीती सरली असं मला वाटलं. वेडीच मी! ईस्टरच्या आधी फेलिम गुरांना चारा टाकायला गेला तो परतला नाही. गाडी फाटकाशी सुरूच होती.

त्याने तोंड उघडलं, हे पोरांना सांगितलं कोणी? त्या रविवारी पबमध्ये परका माणूस नव्हता. सगळे आमचेच. त्यांचे ग्लास मीच भरले होते. अजूनही भरते, फक्त कोणाच्या डोळ्यांत बघत नाही.

फेलिमची बायको टेरेसा डिंपनाच्या दारात गेली, तेव्हा मी तिथेच चहा घेत होते.

"त्याच्यावरही रच," टेरेसा म्हणाली.

"रचलंय. पण गाताना माझा हात कोण धरणार? जो पुढे येईल, त्याचीच मला भीती वाटेल."

"मी धरीन."

पुढच्या रविवारी दोघी आमच्या पबमध्ये भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. टेरेसा हात फिरवत होती. शेवटची ओळ तीच होती. ती बोलताना डिंपनाने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्याही. मग ती वाट बघत उभी राहिली. तिच्या कानाशी यायला कोणीही उठलं नाही.