वाकड्या मानेचा कॅमेरा

राणेकाकांच्या हातात कुणी जुनी टेप दिली की ते आधी तिचा वास घ्यायचे. मग आपल्या मालवणीत विचारायचे, "जेच्यार काढलंस तो कॅमेरो खंय आसा?" टेपवर लग्न आहे की बारसं, हे त्यांच्या लेखी नंतरचं.

भांडुपला टेकडीच्या बाजूला त्यांची दोन खोल्यांची जागा होती. उमेदीची सगळी वर्षं लग्नांचं शूटिंग करण्यात गेली. गुडघे थकले तेव्हा लोकांच्या कॅमकॉर्डरच्या टेपा डीव्हीडीवर उतरवून द्यायला लागले. टेपला दमट वास आला तर ती कापडी पिशवीत बांधून तांदळाच्या डब्यात ठेवायचे. काकू म्हणायच्या, "लोकांच्या तांदळात खडे सापडतात, आमच्या तांदळात वरात."

एकदा एका बाईंनी लग्न, सत्यनारायण, बारसं आणि मुंज एकाच डिस्कवर बसवा असा हट्ट धरला. जितकं कोंबाल तितकं चित्र फुटतं, हे काकांनी पुन्हा पुन्हा समजावलं. शेवटी म्हणाले, "चार पावणे एका पाटार बसले तर जेवतलो कोण?" बाई रागावून जिना उतरल्या, आणि खालूनच ओरडून चार डिस्का करायला सांगून गेल्या.

माझ्याकडे एकच टेप होती. आई प्रौढ वर्गात जाऊन वाचायला शिकली, तेव्हा ती मोठ्याने पेपर वाचत असताना बाबांनी घेतलेली. आई गेल्यावर हलती-बोलती ती एवढीच उरली होती. काकांनी टेप आपल्या यंत्रात लावली. आईच्या चेहऱ्यावर पांढऱ्या रेघा नाचायला लागल्या, आवाज तुटू लागला. त्यांनी लगेच बंद केलं.

बाबांच्या कॅमेऱ्याची मान, म्हणजे टेपवर लिहिणारं आतलं हेड, जराशी वाकडी असणार, असं त्यांचं म्हणणं. टेपही तशीच तिरकी लिहिली गेली. ती त्याच कॅमेऱ्याला नीट वाचता येईल. तो मुलुंडला माझ्या धाकट्या भावाकडे, संजूकडे होता. बाबांची खोली विकताना आमचं बिनसलं, त्यानंतर आम्ही बोलत नव्हतो. मी म्हटलं, आहे तशीच उतरवा, रेघांसकट चालेल.

"माका नाय चालूचा," काका म्हणाले. "आज रेघ उतरली की ती आवशीच्या तोंडार कायमची. भावाक फोन लाव. बोलू नको होया तर. नुसतो कॅमेरो माग."

टेप त्यांनी माझ्या हातात परत ठेवली. काही दिवस मी त्यांच्यावर चिडून होते. मग फोन केला.

संजू कॅमेरा टॉवेलात गुंडाळून स्वतःच आला. "तुझ्या हातात दिला तर परत दिसायचा नाही," उंबऱ्यातच म्हणाला. तुझ्या हातात गेलेलं तरी कुठे दिसलं, असं मी म्हटलं. काकांनी दोघांना खाटेवर बसवलं. टेप जितकी लांब तितकाच वेळ ती उतरायला लागतो, आणि तोवर कुणी उठायचं नाही, वायर हलते, असा त्यांचा नियम.

रंग फिके होते, पण आई स्वच्छ दिसत होती. बोट ठेवून अक्षरं जुळवत होती. 'महानगरपालिका'पाशी ती अडली. टेपमधला छोटा संजू ओरडला, "आई, सोड ना ते, पुढचं वाच."

"का सोडू?" आई म्हणाली, आणि पुन्हा 'म'पासून सुरू केलं.

शेजारी संजूचे खांदे हलत होते. मला वाटलं, हसतोय. मग त्याने टॉवेल डोळ्यांना लावला. आम्ही दोघंही उठलो नाही.

काकांनी दोन डिस्का करून दिल्या. टेप मात्र कॅमेऱ्याबरोबर राहू दे म्हणाले, म्हणजे संजूकडे. माझा हात अडखळला, तो त्यांना दिसला.

"ही डिस्क काय सदाची न्हय गो," ते म्हणाले. "धा-पंदरा वर्सांनी परत उतरवूची लागतली. तेवा परत दोगांय बसा."

मी टेप संजूला दिली.

गेल्या महिन्यात राणेकाका गेले. काकूंना भेटून मी आणि संजू परतताना बोलण्यातून लक्षात आलं, डिस्क लावायचं यंत्र आता आम्हा दोघांच्याही घरी नाही. संजूने घरी जाऊन कॅमेरा सुरू करून पाहिला. अजून फिरतोय. या वेळी कॉम्प्युटरवर उतरवायचं ठरलंय. कुठली वायर कुठे लावायची, हे दोघांनाही धड माहीत नाही. रविवारी मी मुलुंडला जाणार आहे. त्याची मुलगी नुकतीच जोडाक्षरं वाचायला लागली आहे. तिलाही आजीसमोर बसवू, असं संजू म्हणतो.