शेवंतीला अंधार लागतो

कोपऱ्यावरच्या घरात दोन जावा राहत होत्या. दोघींचेही नवरे गेलेले; आधी थोरलीचा, मग काही वर्षांनी धाकटीचा. भावाभावांनी हौसेने एकत्र बांधलेलं घर, एकच स्वयंपाकघर, एकच न्हाणीघर, आणि ज्या दोघींचं लग्न झाल्यापासून पटलं नाही, नेमक्या त्या दोघी मागे उरल्या. गल्लीत लोक म्हणायचे, भाऊ सुटले, जावा अडकल्या.

ही गोष्ट धाकटीची. पन्नाशीला टेकलेली, अंगाने काटकुळी, जिभेने तिखट. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापणीला होती. कापडाचे थरावर थर रचायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि यंत्राचं पातं त्या रेघेवरून न्यायचं. रेघ चुकली की एका झटक्यात गठ्ठाभर बाह्या वाया. तिथे तिला सगळे ‘मास्तर’ म्हणत आणि वाटेतून बाजूला होत. घरी आली की ती फक्त ‘अगं ए’ असायची.

थोरली सत्तरीच्या घरातली. तिची नजर कडांकडून मिटत चालली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गेलेली परत येणार नाही, उरलेली सांभाळा. त्यासाठीचे थेंब सकाळ-संध्याकाळ धाकटीच घालायची. थोरलीचा एकुलता एक मुलगा लांब, विमानाशिवाय पोचता येणार नाही अशा ठिकाणी. दर रविवारी त्याचा फोन यायचा. आईशी बोलून झालं की म्हणायचा, “काकू, तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे.”

फोन ठेवून धाकटी पुटपुटायची, “निर्धास्त तो. धास्ती माझ्या वाटणीला.”

पायरी आणि फाटक यांच्या मध्ये खाटेएवढा मातीचा तुकडा होता. घरात ऊन यायचं ते तेवढ्याच जागी, आणि तिथे थोरलीची पिवळी शेवंती होती. शेवंतीचं सगळं नखऱ्याचं. फुलं संपली की ती जमिनीलगत छाटायची. मग बुडातून नवे फुटवे येतात, ते सोडवून पुन्हा लावायचे. वाढीला लागली की शेंडे खुडायचे, म्हणजे ती पसरते. मावा पडला की पानं पुसत बसायचं. एवढं केल्यावर दिवस लहान होऊ लागले की ती कळ्या धरणार, आणि वर्षातले जेमतेम दोन महिने फुलणार. पण तेव्हा अशी फुलायची की रस्त्याने जाणारे फाटकाशी थांबायचे.

धाकटीचा जीव सदाफुलीवर. ती कुणी लावली नव्हती. गटाराच्या कडेला, सिमेंटच्या फटीत आपोआप उगवली. पाणी घाला, नका घालू. बकरी तोंड लावत नाही, कीड फिरकत नाही. पाणी साचून राहिलं तरच काय ती रुसते. बारा महिने फुलं, गुलाबी आणि पांढरी.

“तिला वास तरी आहे का?” थोरली म्हणायची. “शेवंतीचं पान नुसतं चुरगाळलं तरी हात दिवसभर दरवळतो.”

“वास घेऊन काय करायचंय? ती सतत फुलते ना.”

“सतत फुलणाऱ्याकडे कोण बघतं? आणि दोन-तीन वर्षांत बघ, खाली नुसत्या काटक्या, वर शेंड्याला चार फुलं.”

ते वाक्य धाकटीला झाडाबद्दलचं वाटलं नाही.

त्यातच पालिकेने फाटकासमोर नवा दिवा बसवला. रस्ता रात्रभर दुधासारखा पांढरा. त्या वर्षी शेवंती कमरेएवढी वाढली, हिरवीगार झाली, आणि तिला एकही कळी आली नाही. थोरलीने सरळ आरोप केला, “तू मातीत काहीतरी घातलंस.”

धाकटी रागारागाने एक फांदी घेऊन रोपवाल्याकडे गेली. त्याने फांदी बघितलीही नाही. दिवा कुठे आहे एवढंच विचारलं आणि म्हणाला, “शेवंतीला अंधार लागतो, बाई. रात्र लांबली असं तिला वाटलं तरच कळी धरते. तुमच्याकडे रात्रच होत नाही. दिवा लागायच्या आत झाका, उजाडलं की उघडा. नाहीतर दुसरं काही लावा.”

ती हे सांगायला घरी आली आणि स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला. कारण झाकणार कोण? पुढच्या वर्षी दिवस लहान होऊ लागले तशी ती रोज संध्याकाळी कारखान्यातून धावत सुटायची. चार काठ्या रोवलेल्या होत्या, त्यांवर काळं पोतं टाकायचं. सकाळी काढायचं. मैत्रिणी चहाला थांबवत. ती म्हणायची, “नाही गं, झाडाला झोपवायचंय.” सगळ्या हसत. ती हसायची नाही.

अशातच कारखाना दुसऱ्या गावी हलवायचं ठरलं. मालकीणबाईंनी तिला बोलावून घेतलं. “मास्तर, तुम्ही आलात तर कापणीचा सगळा विभाग तुमच्या हाताखाली. वर राहायला खोली आहे. आधी येऊन बघून जा.”

त्या रात्री जेवताना धाकटीने विषय काढला. थोरली भाताची शितं बोटांनी गोळा करत होती. “जा ना,” ती म्हणाली. “तुला काय मी दावणीला बांधलंय?”

दोन दिवसांची रजा टाकून धाकटी निघाली. शेजारी शिकवण्या घेणाऱ्या बाईंनी दोन वेळचं जेवण पोचवायचं कबूल केलं. त्या पोतंही घालणार होत्या, पण थोरलीने साफ सांगितलं, “माझी झाडं मी बघीन.”

त्या गावी खोली लहानशी होती. पलंग, खिडकी, भिंतीत एक फळी. धाकटी पलंगावर बसली. कुणी हाक मारली नाही. बराच वेळ गेला तरी कुणी हाक मारली नाही. तिने दार आतून लावून बघितलं, उघडून बघितलं, पुन्हा लावलं. इतकी वर्षं आपण कान टवकारून जगतोय हे तिला तिथे बसल्यावर कळलं. खाली जाऊन तिने मालकीणबाईंना सांगितलं, “येते मी. जाऊबाईंची सोय लावते आणि येते.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी पोचली. आभाळ भरून आलं होतं, ऊन नव्हतं, पण चांगला उजेड होता. थोरली पायरीवर बसली होती. शेवंतीवर पोतं होतं.

“जाऊबाई, आत्ता का झाकलंय?”

“आत्ता नाही तर कधी? संध्याकाळ झाली ना,” थोरली म्हणाली. “तूही वेळेवर आलीस.”

धाकटी तिच्यासमोर उभी राहिली. हात तिच्या डोळ्यांपुढून नेला, आणला. थोरलीची पापणी हलली नाही. पोतं आज कोण जाणे केव्हापासून तसंच होतं.

“कधीपासून दिसत नाही?”

थोरली म्हणाली, “उन्हाळ्यापासून. अंगावरचं ऊन गेलं की संध्याकाळ, असा हिशेब असतो माझा. आज चुकला.”

“आणि मी रोज थेंब घालते ते?”

“तू घालत होतीस. मी घालू दिले.”

“मला सांगायचं नाही?”

“सांगितलं असतं तर तू गेली नसतीस.” धाकटीचा चेहरा कसा झाला ते तिला दिसणं शक्य नव्हतं, तरी ती लगेच फटकारत म्हणाली, “गळा काढू नकोस. तुझ्यासाठी नाही लपवलं. मला लाज वाटली. आंधळी म्हणून कुणी हात धरून न्यायचं, आणि तो हात तुझा!”

धाकटीला रडू आलं नाही, राग आला. थोरलीने भांडण केलं असतं, अडवलं असतं, फाटकाला कुलूप घातलं असतं तर तिने कुलूप तोडलं असतं. आता तोडायचं काय?

रविवारची वाट न बघता तिने पुतण्याला फोन लावला. “तुझ्या आईला काहीही दिसत नाही. मी कामासाठी दुसऱ्या गावी चाललेय. तू ये आणि तिचं बघ.”

“काकू, असा एकदम कसा येऊ? तू तिथेच आहेस, तर एखाद्या वृद्धाश्रमाची चौकशी कर ना. चांगला बघ. पैशांचं सगळं मी करतो.”

थोरली त्याच खोलीत धुतलेले कपडे चाचपून घड्या घालत होती; फोनमधलं सगळं तिला ऐकू येत होतं. तिचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. फोन संपल्यावर ती म्हणाली, “जाईन मी तिकडे. इथल्या भिंती हाताला माहीत आहेत. तिथल्या नव्याने माहीत करून घ्याव्या लागतील, एवढंच.” आणि थोड्या वेळाने, “चहा टाकतेस का?”

धाकटीने चहा टाकला. तो उतू जाईपर्यंत ती तिथेच उभी होती.

सकाळी तिने मालकीणबाईंना नाही म्हणून कळवलं. शेजारच्या बाईंनी “केवढं मोठं मन तुमचं” असं म्हटलं, तेव्हा ती जवळजवळ ओरडलीच, “मन-बिन काही नाही! तिला सोपवायला दुसरा माणूस हवा होता, तो मिळाला नाही. बस.”

कारखाना गेला. आता ती पुढच्या खोलीत दुरुस्तीची कामं घेते. कुणाची बाही तोकडी करायची, कुणाची कंबर सैल. मोठ्या टेबलाला जागा नाही. पातं चालवायची सवय असलेला हात कात्रीने भागवतो. एक मात्र तिने केलं. मातीचा तो तुकडा मधोमध आखला आणि एका बाजूला गटाराकडेची सदाफुली आणून लावली.

“ही उपटलीत तर शेवंतीवर पोतं पडणार नाही,” तिने सांगून टाकलं.

“धमकी देतेस?”

“हो.”

थोरली हसली. “दे. पण तुझ्या त्या काटक्याही खालून छाट जरा. नव्याने फुटेल. तेवढा नखरा तिलाही लागतो.” यावेळी धाकटीने ऐकलं, आणि सदाफुली खरंच बुडापासून भरून आली. शेवंतीला मात्र त्या वर्षी मोजकीच फुलं आली, तीही लहान. थोरलीने ती बोटांनी चाचपली आणि बरी आहेत म्हणाली.

कारखान्यात कापणीवर आता धाकटीच्याच हाताखाली शिकलेली एक मुलगी आहे. कधी अडलं की तिचा फोन येतो. परवाही आला. कॉलरचं कापड आडवं घेऊ की उभं, असं विचारत होती. धाकटीने सगळं नीट समजावलं. बोलता बोलता तिचा मोकळा हात टेबलावर रेघा ओढत होता. शेवटी मुलगी म्हणाली, “मास्तर, एकदा बघायला या ना.”

“येईन,” ती म्हणाली.

“कोण होतं गं?” आतून थोरलीने विचारलं.

“कुणी नाही,” धाकटी म्हणाली आणि समोरची बाही उसवायला घेतली.